लिंक आधी, रिपोर्ट नंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करते. बहुतेक काम वाटणीचं, वहिवाटीचं, धुऱ्याच्या भांडणाचं. 2023 च्या पावसाळ्यात एक बाप बीएस्सीला असलेल्या मुलीला घेऊन आला. कुणीतरी तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर खातं उघडून तिचा चेहरा भलत्याच उघड्या अंगावर चिकटवला होता. बापानं झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेला कागद पुढं केला. "मॅडम, नेटवर गेलं थे गेलं. आता कोनाले धरनार? फक्त पोरीचं नाव कोठी येऊ देऊ नोका."

हे मला अजिबात मान्य नाही. नेट म्हणजे बेवारस गायरान नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा आहे. त्याचं कलम 79 दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून कंपनीला मोकळं ठेवतं, पण अटींवर. 2021 च्या नियमांनी तेव्हा मुदतच घालून दिली होती: असे फोटो किंवा तोतया खातं यांची तक्रार त्या व्यक्तीनं किंवा तिच्या वतीनं कुणीही केली, की 24 तासांत ते हटवायचं. हयगय केली तर कंपनीचं ते संरक्षण जातं.

मुलीचा भाऊ दोस्तांकडून खातं 'रिपोर्ट' करवायला निघालाच होता. त्याला थांबवलं. बापाच्या कागदावर खात्याचं नाव अर्धं कापलं गेलं होतं, लिंक तर नव्हतीच. खातं आधीच उडालं असतं, तर पोलिसांपुढं ठेवायला तो काळपट कागद तेवढा उरला असता. मुलीनं फोन घेतला. हात थरथरत होता, तरी अंडरस्कोर, दोन आकडे, परत अंडरस्कोर असं एकेक अक्षर तिनं वाचलं आणि मी लिहून घेतलं. प्रत्येक फोटोची लिंक, तारीख, वेळ. मग तक्रारही तिनंच पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खातं गेलेलं होतं.

ठाण्यात मात्र अडलं. ठाणेदार सहायक निरीक्षक, आणि कलम 78 प्रमाणे या कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. "जिल्ह्याला जा," म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तपास कोण करेल ते नंतर बघू. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यावीच लागते, ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2013 सालीच सांगून ठेवलंय. संध्याकाळी कलम 66 सी (ओळखीची चोरी) आणि 67 (अश्लील मजकूर टाकणं) खाली गुन्हा नोंदवला गेला.

हवालदारांनी फिर्याद वाचून दाखवली. मुलगी म्हणाली, "साहेब, दुसऱ्या लिंकमधी एक आकडा चुकला." तो दुरुस्त करून घेतला, मगच तिनं सही केली.