रेडिओलाही कूलर!

नवतपा लागलाय, पारा 45 वर, आणि मी एफटी8 वर, म्हणजे हॅम रेडिओच्या डिजिटल संदेश पद्धतीवर. आपली पाळी आली की 15 पैकी जवळपास 13 सेकंद सलग ट्रान्समिट. सेटची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला बोट टेकवलं, लगेच झटकलं. पापड भाजला असता!

सायंकाळी बर्डीच्या बाजारातून कॉम्प्युटरचे 12 व्होल्टचे दोन पंखे आणले. 13.8 व्होल्टच्या सप्लायवर सिरीजमध्ये जोडले. प्रत्येकाला सातच्या आतच व्होल्ट, म्हणून आवाज जवळजवळ नाहीच. पण 40 मीटरच्या रेडिओ बँडवर पंख्यांची खरखर सुरू! पंख्यांच्या वायरीचे फेराइट रिंगवर (ही असली खरखर अडवते) सात-आठ वेढे घेतले, तेव्हा कुठे थांबली.

आई म्हणे, "माझ्या कूलरची मोटर महिनाभर कुरकुरतेय, तिला नाही हात लावत बाप्पा!"