आजचा सोमवार
सकाळी सहा दहाला चहाला उकळी येता येता गॅस भुस्स करून गेला. १४.२ किलोचा सिलिंडर, पण रविवारी दुपारी सगळे लोळत असताना कधी संपत नाही मेला! दुसरा भरलेला होता म्हणा. त्याच्या टोपीची दोरी ओढली, तर दोरी तुटून हातात आणि टोपी जागच्या जागी. मग सुरीचं टोक, मग सांडशी. इतक्यात अहोंचा बेडरूममधून आवाज, "अगं, चहा झाला का?" मी काही बोलले नाही. बोलले असते तर सिलिंडरची गरजच पडली नसती, तसाच पेट घेतला असता.

या झटापटीत माझी डोंबिवली फास्ट गेली. पुढची कल्याणहूनच भरून आलेली, एक पाय दारात आणि डबा कोणाच्या तरी पाठीत.

ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकलेला. ज्याने अडकवला तो अर्थातच पसार. एसी १८ वर, मी शाल घेऊन बसलेली, आणि शेजारचे साहेब विचारतात, "मॅडम, बरं नाही का?" पाच पंचावन्नला मेसेज: 'दोन मिनिटं बोलायचं होतं.' ती दोन मिनिटं पावणेसातला संपली.

घरी आले, घशाला कोरड. फ्रिज उघडला. चार बाटल्या ओळीने उभ्या, आणि चारही बाटल्यांच्या तळाशी एकेक घोट.

लेक म्हणतो, "मी रिकामी ठेवलीच नाही ना, आई!"