दोन वर्षं आम्ही सगळं शुगरवर ढकललं

आई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर हडपसरपासून सासवडपर्यंत चालते, दिवे घाट चढून. गेल्या वर्षी नाही गेली. म्हणाली, पायाखाली रस्ता लागतच नाही गं, कापसावर चालल्यासारखं होतं. आम्ही म्हटलं वय झालं, त्यात शुगर, राहू दे या वर्षी.

मुंग्या यायला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. रात्री तळपायांची आग व्हायची म्हणून ती पांघरुणाबाहेर पाय काढून गार फरशीला टेकवून बसायची. एकदा भाजी घेऊन आली तर एका पायात चप्पलच नाही, वाटेत कधी निघाली ते तिला कळलंच नव्हतं. ज्या डॉक्टरांकडे आम्ही जायचो त्यांनी डायबेटिक न्यूरोपॅथी, म्हणजे शुगरने नसा खराब होणं, आहे म्हणून रात्रीची एक गोळी वाढवली, त्याने झोप लागायची पण मुंग्या होत्या तिथेच. आणि तिची तीन महिन्यांची शुगर कायम सातच्या आसपास, म्हणजे कंट्रोल चांगला, मग पाय एवढे का बिघडतायत हा प्रश्न मलाही पडला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी रिपोर्ट न बघता तीनच गोष्टी विचारल्या, शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी किती वर्षं चालू आहे, अंडी-मासे खाता का, आणि ॲसिडिटीची गोळी रोज घेता का. मेटफॉर्मिन अकरा वर्षं, दिवसाला दोन ग्रॅम. आई माळकरी, तीस वर्षांत अंड्याला हात लावलेला नाही. आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, ती कोणी कधी बंदच केली नव्हती. मग त्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा, तिच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला, तिला थरथर काहीच जाणवली नाही. नंतर विचारलं, बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का हो? आई माझ्याकडे बघायला लागली. कितीतरी महिने ती एका हाताने बेसिन धरून तोंड धुत होती आणि घरात कोणाला बोलली नव्हती.

मग रक्त तपासलं, व्हिटॅमिन बी१२ आलं ११८. साधारण २०० च्या खाली गेलं की कमी धरतात.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. बी१२ लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्या शोषणाला कॅल्शियम लागतं, मेटफॉर्मिन बहुधा तिथेच अडथळा आणतं, आणि रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीनेही बी१२ कमी शोषलं जातं. लिव्हरमध्ये काही वर्षांचा साठा असतो म्हणून सुरुवातीला काहीच कळत नाही, साठा हळूहळू संपतो आणि लक्षणं येईपर्यंत इतकी वर्षं गेलेली असतात की गोळीवर कोणाचा संशयच जात नाही. नसांवरचं आवरण टिकायला बी१२ लागतंच, ते कमी पडलं की मुंग्या, बधिरपणा, आग, तोल जाणं, म्हणजे हुबेहूब शुगरने होतं तेच. म्हणूनच हे लपून राहतं. आणि हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी१२ ठीक असेल असं अजिबात धरू नका, रक्त कमी न होताही नसा खराब होऊ शकतात, आईचं हिमोग्लोबिन व्यवस्थित होतं.

घरी येऊन मी वाचत बसले तर हे काही नवीन नाहीच. २०१० साली नेदरलँड्समधला अभ्यास छापून आला होता, इन्सुलिनवरच्या ३९० पेशंटना चार वर्षांहून जास्त काळ मेटफॉर्मिन किंवा नुसतीच खोटी गोळी देऊन बघितलं, मेटफॉर्मिनवाल्यांचं बी१२ तुलनेत १९ टक्क्यांनी उतरलं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने तर बी१२ कमी होणं हा या औषधाचा नेहमी दिसणारा साइड इफेक्ट आहे असं जाहीर करून टाकलं, डोस मोठा आणि वर्षं जास्त तसा धोका जास्त. आणि आपल्याकडे तर मुळातच कमी असतं, पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने ४४१ पुरुषांचं मोजलं होतं, २००६ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांचं बी१२ कमी निघालं. पालक, मूग, बीट यात बी१२ नसतंच, शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक एवढाच काय तो आधार, आणि आईने तर शुगर म्हणून दूधही अर्ध्यावर आणलेलं.

मेटफॉर्मिन वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, प्लीज कोणी हे वाचून गोळी बंद करू नका. आईचीही चालूच आहे. फक्त वर्षातून एकदा बी१२ तपासा असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा, आमच्या शुगरच्या पॅकेजमध्ये ती टेस्ट नव्हतीच. आणि गोळीच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही बघा, दोन औषधं एकत्र असलेल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन असतं आणि घेणाऱ्याला ते माहीतच नसतं.

आईला बी१२ ची ती लाल इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. पाचवा महिना चालू आहे. रात्रीची आग बरीच कमी झाली, पायऱ्या उतरताना आता कठडा धरत नाही. डाव्या पायाची बोटं मात्र अजून बधिर आहेत आणि ती तशीच राहू शकतात असं डॉक्टरांनी सांगितलंय, कारण उशीर झाला. पुढची टेस्ट दिवाळीनंतर आहे, तेव्हा मामालाही घेऊन जाणार आहे, तोही आठ वर्षं तीच गोळी घेतोय आणि परवा फोनवर म्हणत होता की पायाला जरा मुंग्या येतात.