ग्लासाच्या बाहेरचं पाणी

चौथीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारते. बर्फाच्या पाण्याने भरलेला काचेचा ग्लास टेबलावर ठेवते, दहा मिनिटं दुसरंच काहीतरी शिकवते आणि मग ग्लास उचलून दाखवते. बाहेरून थेंब धरलेले असतात, टेबलावर ओला गोल उमटलेला असतो. हे पाणी आलं कुठून?

"भरताना सांडलं." "ग्लास गळका आहे." "काचेतून झिरपलं." एखादं मूल "हवेतून" म्हणतं, पण कसं ते विचारलं की गप्प होतं. मला त्या "हवेतून"पेक्षा "झिरपलं" जास्त आवडतं, कारण त्यामागे निरीक्षण असतं. मातीचं भांडं पाझरतं, कापड पाझरतं, भिंतीला ओल येते. मग काच का नाही पाझरणार?

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी इथे फार घाई करायचे. "नाही, हवेत पाण्याची वाफ असते, ती गार काचेला लागून पाणी होते, याला संघनन म्हणतात, लिहून घ्या." मुलं लिहून घ्यायची, परीक्षेत बरोबर उत्तर द्यायची. मग एकदा सहावीत गेलेली एक मुलगी भेटली आणि आनंदाने म्हणाली, "बाई, तुमचा तो झिरपणारा ग्लास अजून आठवतो." तिला संघननाची व्याख्या पाठ होती. ग्लास मात्र तिच्या मनात अजून झिरपतच होता. त्या दिवसाचं मला फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून या एका ग्लासाला मी दोन पूर्ण तास देते.

पहिल्यांदा पाण्यात लाल रंग घालते. थेंब धरले की पांढऱ्या रुमालाने पुसून रुमाल वर्गात फिरवते. रुमालावर लाल काही नाही. बहुतेकांचं समाधान होतं, पण एका वर्षी एक मुलगा अडून बसला. "रंग आतच अडकला असेल, बाई. गाळणीत गाळ वर राहतो ना, तसा. पाणी तेवढं बाहेर आलं." मला त्याचं म्हणणं खोडता येईना. रुमाल पांढरा राहिला एवढ्यावरून तो चुकतोय असं खरंच म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घरचा डिजिटल वजनकाटा घेऊन गेले. ग्लास बशीत ठेवला, म्हणजे ओघळ बशीतच राहतील. वरून झाकण लावलं. आधी त्याच मुलाकडून फळ्यावर लिहून घेतलं: पाणी आतून बाहेर आलं तर काट्यावरचा आकडा काय होईल? तो म्हणाला, "तेवढाच राहील. पाणी तेच आहे, फक्त जागा बदलली." आणि बाहेरून येत असेल तर? "वाढेल."

सुरुवातीला 386 ग्रॅम. अर्ध्या तासाने 388. दोन ग्रॅम म्हणजे चाळीसेक थेंब. तो मुलगा काट्यापाशी वाकून आकडा बघत होता. ग्लास उचलून त्याने परत ठेवला. 388. मग जागेवर जाऊन बसला आणि काही बोलला नाही.

यात सगळ्यात मोठी भर शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने घातली. तिने विचारलं, "आत पाणीच नसलेला ग्लास गार केला तर?" मला तोवर हे कधी सुचलं नव्हतं. स्टीलचा कोरडा, रिकामा पेला रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला आणि कापडात गुंडाळून वर्गात नेला. कापड काढलं तसं पेल्यावर आधी पांढुरकं, दुधी काहीतरी धरलं, मग त्याचे थेंब झाले आणि ओघळ खाली आले. झिरपायला आत पाणीच नव्हतं! रंग नको, काटा नको. एवढा साधा आणि एवढा पक्का पुरावा त्या मुलीने दिला. तेव्हापासून दरवर्षी मी तो पेला शेवटी दाखवते, मुद्दाम शेवटी, कारण आधी दाखवला तर बाकीचं भांडण मुलांना करायलाच मिळत नाही.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: हवेत एवढं पाणी आहे? आम्ही वर्ग मोजतो. सहा मीटर लांब, पाच रुंद, तीन उंच, म्हणजे 90 घनमीटर. 30 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावतं. त्या दिवशी आर्द्रता 60 टक्के होती, म्हणजे घनमीटरला 18 ग्रॅम. 18 गुणिले 90. दीड लिटरहून जास्त पाणी वर्गात आपल्याभोवती, न दिसता! मी पाण्याने भरलेली दीड लिटरची बाटली टेबलावर ठेवते. मुलं बाटलीकडे बघतात, मग रिकाम्या हवेकडे. तीच हवा 10 अंशांपर्यंत गार केली तर घनमीटरमध्ये जेमतेम 9 ग्रॅम मावतील. उरलेल्या बाष्पाला पाणी व्हावंच लागेल. ग्लासाला लागून असलेल्या पातळ थरात हेच चाललेलं असतं.

इथे एक शब्द मला दर वेळी सांभाळावा लागतो, तो म्हणजे "वाफ". उकळत्या पाण्यावर जे पांढरं दिसतं त्याला आपण सगळेच वाफ म्हणतो, पण पाण्याचं बाष्प दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी अगदी लागून थोडी जागा मोकळी, पारदर्शक दिसते, तिथे खरं बाष्प असतं. पुढे जे पांढरं होतं ते पाण्याचे बारीक थेंब. (हे लांबूनच बघायचं आणि किटली मोठ्या माणसानेच धरायची. बाष्पाने फार वाईट भाजतं.) मुलांना हे दिसलं की ढग म्हणजे काय हे निम्मं सांगून झालेलं असतं. हवा वर चढते, वर दाब कमी असल्याने पसरते, पसरताना गार होते आणि बाष्पाचे थेंब होतात. ग्लासाला काच होती, वर आकाशात काच नसते. तिथे धुळीचे, मिठाचे, धुराचे सूक्ष्म कण काचेचं काम करतात. साध्या कापसासारख्या ढगातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, म्हणून तो इतका सावकाश खाली येतो की वर चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते.

विज्ञानात याला संघनन म्हणतात आणि भूगोलात सांद्रीभवन. दोन विषय, दोन वह्या, दोन शब्द. ग्लासावरचं पाणी आणि ढगातलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मुलांना वाटलं तर त्यात त्यांची काय चूक? मी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मध्ये बरोबरचं चिन्ह काढते.

चंद्राच्या कलांचंही असंच. "पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो" हे मुलंच काय, पुष्कळ मोठी माणसंही सांगतात. मी दिवसा चंद्र दिसेल असा दिवस गाठते, मुलांना उन्हात नेते आणि एक पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या अगदी शेजारी धरायला लावते. चेंडूचा जेवढा भाग उजळतो तेवढाच चंद्राचा उजळलेला असतो, त्याच बाजूने. चेंडूवर पृथ्वीची सावली नाही हे सांगावं लागत नाही.

परत त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे येते. पेल्याच्या प्रयोगानंतर काही दिवसांनी ती सकाळी लवकर आली, बूट ओले. म्हणाली, "मैदानातलं गवत दवाने भिजलंय, पण झाडाखालचं कोरडं आहे. झाडाने छत्री धरली ना, म्हणून."

किती नीट बघितलं होतं तिने! आणि आपली भाषाही तिच्याच बाजूने होती. आपण "पाऊस पडला" म्हणतो तसंच "दव पडलं" म्हणतो. पडणारी गोष्ट वरून येणार आणि झाड ती अडवणार. मी विचारलं, पेल्यावर पाणी वरून पडलं होतं का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही. पेला गार होता." आणि लगेच, "मग झाडाखालचं गवत गार नसतं का?"

उत्तर माझ्या ओठावर होतं. रात्री उघडं गवत आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकत राहतं आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होतं. झाडाखालच्या गवतावर फांद्यापानांचं पांघरूण असतं, त्यामुळे ते तितकं गार होत नाही. मी यातलं काही बोलले नाही. कपाटातून दोन तापमापक काढले, दोन्ही एकच आकडा दाखवतात ना ते तिलाच तपासायला लावलं आणि संध्याकाळी एक उघड्या गवतात, एक झाडाखाली ठेवून दिला.

सकाळी मी पोचले तेव्हा ती आधीच तिथे उकिडवी बसली होती. वहीत दोन आकडे होते. उघड्यावर 14, झाडाखाली 17. खाली तिने एक झाड काढलं होतं. छत्रीऐवजी तिथे गोधडी रंगवली होती.