रस्टडेस्क, कराडचा पीसी आणि ४४ अक्षरांची चावी

रस्टडेस्क म्हणजे दूरचा पीसी इथून चालवायचं सॉफ्टवेअर, कराडचा पीसी मी त्यावरून बघतो. मागच्या वेळी छाती फुगवून लिहिलं होतं की त्यासाठीचा स्वतःचा सर्व्हर आता ‘एकदम स्टेबल’ आहे. जेमतेम आठवडा टिकला. होस्टिंगवाल्याने (नाव नको, स्वस्तातलं घेतलंय तर ऐकून घ्यायचं) रात्री व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) रीबूट केला आणि मी शहाण्याने कंटेनरला (ज्या डब्यात सर्व्हरचे प्रोग्राम चालतात त्याला) रीस्टार्ट पॉलिसी, म्हणजे आपोआप पुन्हा सुरू व्हायची सोय, लावलीच नव्हती. सकाळी एचबीबीएस आणि एचबीबीआर हे रस्टडेस्क सर्व्हरचे दोन्ही प्रोग्राम उडवून पुन्हा रन केले. २१११५ ते २१११७ पोर्ट बघितले, २१११६चं यूडीपीसुद्धा. सगळं ठीक. कराडला जोडायला गेलो तर ‘की मिसमॅच’.

सर्व्हरने नवीच चावी (सर्व्हर ओळखायला दोन्हीकडच्या मशीनवर टाकायची अक्षरं) पाडली होती. माझ्या लॅपटॉपवर ती टाकली, पण तिकडच्या मशीनवर जुनीच. मग कराडला त्या पीसीपाशी असलेल्या अण्णांना फोन. चावी व्हॉट्सॲपवर पाठवली, ती मोबाइलवर वाचून पीसीवर टाइप करायची. ४४ अक्षरं, शेवटी बरोबरचं चिन्ह. अकराव्या अक्षराला अण्णा अडले, "ही उभी काडी आय म्हणायची का एल?" मलाही सांगता येईना. तिसऱ्या प्रयत्नात लाइट गेली आणि अण्णा जेवायला बसले.

तेवढ्या वेळात सर्व्हरवर उकरत बसलो तर ‘डेटा’ नावाची दोन फोल्डरं! कमांडमध्ये व्हॉल्यूम (चावी वगैरे साठवायची जागा) ‘./डेटा’ असा दिलेला, म्हणजे जिथे उभं राहून कमांड मारू तिथलं फोल्डर. पहिल्यांदा ‘ऑप्ट’ फोल्डरमधून मारली होती, आज रूट युजरच्या होम फोल्डरमधून. जुनी चावी ऑप्टमध्ये सुखरूप होती. तिथे जाऊन पुन्हा रन केलं, लॅपटॉपवर जुनी चावी परत टाकली. अण्णांनी काही करायचंच नव्हतं!

लाइट आल्यावर बायोसमधल्या सेटिंगमुळे पीसी आपोआप उठला. जीडीएममध्ये (लिनक्सचा लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) वेलँड ही स्क्रीन दाखवायची नवी पद्धत बंद केल्यापासून लॉगिन स्क्रीनही दिसते, त्या खटाटोपाचं आज चीज झालं. पासवर्ड टाकला आणि फोनवर अण्णा: "अरे, माउस आपोआप पळतोय!"

आता एचडीएमआय डमी प्लग (मॉनिटर जोडलाय असं पीसीला भासवणारा) लांबणीवर. आधी कंपोज फाइल (कंटेनरची सगळी सेटिंग एका जागी), त्यात फोल्डरचा पूर्ण पाथ आणि सर्व्हरच्या दोन्ही चाव्यांचा (गुप्त आणि सार्वजनिक) पेनड्राइव्हवर बॅकअप. खरं तर हे लिहिता लिहिता वाटतंय, दोन्हीकडे टेलस्केल (दोन मशीन खाजगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) टाकून रस्टडेस्कचा डायरेक्ट आयपी ॲक्सेस, २१११८ पोर्ट, चालू ठेवला तर सर्व्हर झोपला तरी दुसरं दार उघडं राहील. कराडची इंटरनेट लाइन सीजीनॅटमागे आहे (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला), त्यामुळे राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून बाहेरून थेट वाट उघडायचा प्रश्नच नाही. रविवारी आधी तेच करतो, कंपोज नंतर.