३४९, ५७७ आणि १५७

५ डिसेंबर २०२४ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली चषक स्पर्धेत बडोद्याच्या संघाने सिक्कीमविरुद्ध २० षटकांत ५ बाद ३४९ धावा केल्या आणि ट्वेंटी-२० क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्येचा जागतिक विक्रम आमच्या शहराच्या नावावर जमा झाला. त्यात भानू पानियाच्या ५१ चेंडूंतील नाबाद १३४ धावा होत्या आणि संघाचे तब्बल ३७ षटकार होते. याआधीचा ३४४ धावांचा विक्रम झिंबाब्वेने गांबियाविरुद्ध नैरोबी येथे नुकताच केला होता. तो जेमतेम सहा आठवडे टिकला. सिक्कीमचा संघ ही धावसंख्या पाहूनच निम्मा हरला असावा, कारण त्यांचा पराभव २६३ धावांनी झाला.

आमच्या दांडिया बाजारातील बैठकीत मात्र या बातमीने आनंदाइतकाच वाद निर्माण केला. बडोद्यातील मराठी ज्येष्ठांच्या दृष्टीने शहराचा खरा आकडा एकच आहे, आणि तो म्हणजे ५७७. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजाऱ्यांच्या २८८ आणि गुल महंमद यांच्या ३१९. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीची ती सर्वांत मोठी भागीदारी ठरली आणि २००६ मध्ये कोलंबोत संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, ती अबाधित राहिली. त्या सामन्यानंतर पाचच महिन्यांनी देशाची फाळणी झाली, आणि लाहोरला जन्मलेले गुल महंमद पुढे भारताकडून तर खेळलेच, पण १९५६ मध्ये पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. योगायोग असा, की ज्या होळकर संघाला तेव्हा बडोद्याने नमवले त्याच संघाचे आधारस्तंभ असलेल्या मुश्ताक अलींच्या नावाने चालणाऱ्या स्पर्धेत, आणि त्यांच्याच इंदुरात, बडोद्याने हा नवा विक्रम केला.

तेव्हा वाद असा, की ३४९ मोठे की ५७७? एक काका हिरिरीने म्हणाले, “आजची बॅट हजाऱ्यांच्या हातात दिली असती, तर मग पाहिले असते!” हे वाक्य बडोद्यात इतक्यांदा ऐकले आहे की त्याला उत्तर देण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पण त्यात तथ्य नाही असेही नाही. २०१७ मध्ये बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा आणि जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असा नियम करावा लागला, यावरूनच बॅट कुठल्या कुठे पोहोचली होती हे कळते. सीमारेषेचा दोर आत आला, चेंडू पांढरा झाला, षटके मोजकी झाली आणि २०१८-१९ च्या हंगामापासूनच देशांतर्गत क्रिकेटमध्ये उतरलेल्या सिक्कीमसारख्या संघांसमोर जुने बलाढ्य संघ उभे राहू लागले. या सगळ्यांतून फलंदाजाचे कर्तृत्व किती आणि परिस्थितीचे किती हे वेगळे काढणे मला तरी अशक्य वाटते. क्रिकेटमधील विक्रम एकमेकांशेजारी लिहिता येतात, पण एकमेकांशी तोलता येत नाहीत, कारण ज्या मापाने मोजायचे ते मापच सतत बदलत असते.

माझ्या जुन्या व्हिडिओ गेमच्या वेडाकडे मी याच कारणाने थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. घरच्यांना तो पोरकटपणा वाटतो, आणि चाळिशी ओलांडलेला माणूस रविवारी सकाळी टेट्रिस खेळत बसलेला पाहून कोणालाही तसेच वाटेल. टेट्रिसमध्ये वरून पडणारे ठोकळे फिरवून, सरकवून रचायचे असतात, आणि आडवी ओळ पुरी भरली की ती पुसली जाते. परंतु १९८९ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी काढलेला टेट्रिस आजही तंतोतंत तोच आहे. त्याच्या कॅसेटमधील एक अक्षरही बदललेले नाही. ठोकळे त्याच वेगाने पडतात, वीस ओळींची आणि दहा रकान्यांची चौकट तेवढीच आहे. तेव्हा त्यात कोणी आज पूर्वीपेक्षा पुढे गेला, तर बदलला तो माणूसच, अन्य काहीही नाही.

आणि माणूस किती बदलला, हे पाहण्यासारखे आहे. या टेट्रिसमध्ये दहा ओळी पुसल्या की पातळी वाढते, आणि २९ व्या पातळीवर ठोकळ्याचा वेग असा होतो की पडद्यावरील चित्र जितक्यांदा बदलते तितक्यांदा तो एकेक घर खाली येतो. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलत असल्यामुळे वीस घरे उतरायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. बटण दाबून धरले, तर ठोकळा बाजूला सरकतो तो सेकंदाला सुमारे दहा घरे. हिशेब सरळ आहे: ठोकळा कडेला पोहोचायच्या आत तळाला टेकतो. त्यामुळे २९ वी पातळी हाच खेळाचा शेवट, असे बरीच वर्षे मानले गेले. खेळ बनवणाऱ्यांनाही त्यापुढे कोणी जाईल असे वाटले नसावे.

मग काही खेळाडूंनी बटण दाबून धरण्याऐवजी ते अतिशय जलद टिचक्या मारून दाबायला सुरुवात केली आणि भिंतीला पहिला तडा गेला. २०२० नंतर आणखी एक रीत पुढे आली. तिच्यात अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे, तबल्यावर फिरावीत तशी, कंट्रोलरच्या पाठीवर एकापाठोपाठ आपटायची. प्रत्येक बोटाच्या धक्क्याने कंट्रोलरच अंगठ्यावर येऊन आदळतो आणि सेकंदाला वीसपर्यंत दाब पडतात. यंत्र तेच, बटण तेच, हाताची पाच बोटेही तीच. तीस वर्षे हे कोणाला सुचले नव्हते.

२१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या १३ वर्षांच्या एका मुलाने याच रीतीने सुमारे अडतीस मिनिटे खेळून १५७ वी पातळी गाठली आणि तेथे खेळ गोठला. दीड हजारांहून अधिक ओळी पुसल्यानंतर तो हरला नाही, तर यंत्रच थांबले. गुणांची बेरीज करणारा भाग इतक्या वरच्या पातळीवर एवढा वेळ खाऊ लागतो की पडद्यावरील पुढचे चित्र तयार करण्याची वेळ येऊन ठेपते, तरी मागचे काम उरलेलेच असते, आणि त्या गोंधळात सगळेच ठप्प होते. २०२१ मध्ये संगणकाच्या एका प्रोग्रॅमने खेळून हे टोक कुठे असू शकते ते दाखवले होते; माणसाचा हात तेथे पोहोचला तो हा पहिल्यांदा. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, युद्धाच्या आणि निवडणुकांच्या बातम्यांच्या गर्दीत, ही बातमी जगभर फिरली.

त्या बातमीवर ब्रिटनमधील एका वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने शेरा मारला, की बाळा, पडद्यापासून दूर हो, बाहेर जाऊन मोकळी हवा खा, टेट्रिस जिंकणे हे काही आयुष्याचे ध्येय नव्हे. या शेऱ्यावर पुष्कळ टीका झाली, कारण त्या मुलाचे वडील त्याच महिन्यात वारले होते आणि त्याने तो खेळ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला होता. मला स्वतःला त्या शेऱ्याचा राग आला नाही. आमच्या घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने उन्हाळ्याच्या सुट्टीत अगदी हेच म्हटले आहे, फक्त त्यात डोळे फुटण्याची भविष्यवाणी अधिक होती. पण शेरा चुकीचा होता, असे मला वाटते. ज्या शहरात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली आणि जेथे आजही एखादा मुलगा तबल्यावर तासन् तास एकच कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, घोटत बसलेला दिसला तर लोक पुढे जाताना कौतुकाने बघतात, त्या शहरातील माणसाला बोटांच्या अशा तयारीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये. रियाजाने पोट भरेल की नाही हा प्रश्न वेगळा. रियाज म्हणजे वेळेचा अपव्यय, असे येथे कोणी म्हणत नाही.

आमच्या बालपणीचे विक्रम मात्र या हिशेबातून बाद करावे लागतात, आणि हे सांगताना मला थोडी गंमतच वाटते. नव्वदच्या दशकात बडोद्यातल्या घरांतून जे व्हिडिओ गेम होते ते बहुतेक निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आले. आमच्याकडे आले ते त्याचे दूरचे, बिनकागदपत्री भाऊबंद. कॅसेटवर ९९९९९९ गेम असल्याचे छापलेले असे, आणि आत मोजकेच गेम नावे व रंग बदलून पुनःपुन्हा येत. पण खरा फरक वेगळाच होता. जपान-अमेरिकेतील टीव्हीचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलत असे, तर आपल्याकडील पॅल पद्धतीचे पन्नास वेळा. आणि हे खेळ वेळ मोजत ते चित्रांच्या गणतीने. परिणाम असा, की पॅलसाठी बनवलेल्या यंत्रावर मारिओ या उड्या मारत पुढे जायच्या खेळातला तोच मारिओ सहाला पाच या प्रमाणात हळू धावत असे. माझ्या एका मावसभावाने अलीकडे मूळ वेगातील मारिओ पाहिला तेव्हा त्याने ठामपणे सांगितले, की ही चित्रफीत कोणीतरी पळवून दाखवली आहे. लहानपणी सगळ्या गल्लीत जो कोणालाही हरवता येत नसे, त्याची ही प्रतिक्रिया होती. आम्ही ज्या खड्ड्यांवरून ऐटीत उड्या मारल्या, ते खड्डे आमच्यासाठी थोडे सवलतीचे होते.

मूळ वेगाच्या मारिओची तर गोष्टच निराळी. १९८५ चा हा सगळा खेळ ४० किलोबाइटांत बसतो. ‘सुप्रभात’ लिहिलेले गुलाबाचे जे चित्र काकू रोज पाठवतात, ते बहुधा याहून मोठे असते. जागा वाचवण्यासाठी वरचे ढग आणि खालची झुडपे यांना एकच आकृती वापरली आहे, फक्त रंग बदलला आहे. हा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीत कमी वेळात संपवण्याची जी चढाओढ जगभर चालते, तिच्यात २०२१ मध्ये पहिल्यांदा ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या खाली वेळ नोंदली गेली. त्यानंतरची सुधारणा सेकंदाच्या अपूर्णांकांत चालू आहे, आणि त्याचेही कारण यंत्रातच आहे: एक टप्पा संपवून पुढचा सुरू करायचा की नाही हे यंत्र दर २१ चित्रांनी एकदाच तपासते, त्यामुळे बहुतेक टप्प्यांत वाचवलेला वेळ २१ चित्रांएवढा, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंद, भरला नाही तर वायाच जातो. शंभरावा भाग वाचवून उपयोग नाही. वाचवायचे तर पुरते वाचवावे लागते.

बातम्यांत अलीकडे ‘गेमिंग’ हा शब्द आला की विषय बहुधा पैशांचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि पाठोपाठ भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरील अशाच खेळाच्या प्रायोजक कंपनीचे नावही गेले. कायद्याच्या तपशिलांबद्दल मतभेद असू शकतात, परंतु निवेदिकेचा शेरा जर कोठे लागू पडत असेल तर तो येथे. माणूस थांबू नये हाच ज्याच्या रचनेचा हेतू आहे, जो रात्री अकराला सूचना पाठवून परत बोलावतो आणि हरल्यावर खिशातून पुन्हा पैसे काढायला लावतो, असा खेळ आणि १९८९ चा टेट्रिस यांना एकाच नावाने संबोधणे मला पटत नाही. टेट्रिस आपल्याला बोलावत नाही. त्याला बंद केले तर तो बंद राहतो.

माझा भाचा सध्या १८ व्या पातळीवर अडकला आहे, आणि त्याची तक्रार अशी, की दोष त्याचा नसून टीव्हीचा आहे. ही सबब नाही. नव्या सपाट टीव्हीत आलेले चित्र आधी आतल्या आत प्रक्रिया करून मग दाखवले जाते, त्यात सेकंदाचा बारीकसा भाग जातो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत तो जात नाही. म्हणूनच अमेरिकेत २०१० पासून भरणाऱ्या टेट्रिसच्या जागतिक स्पर्धेत जुने टीव्ही जपून वापरले गेले. बदके मारण्याच्या खेळातील बंदूक तर नव्या टीव्हीवर चालतच नाही: घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो. चौकोन उशिरा उमटला, की नेम कितीही बरोबर असला तरी बदक सुखरूप उडून जाते.

म्हणून रावपुऱ्यातील एका नातेवाइकांच्या माळ्यावर पडलेला एकवीस इंची डबा-टीव्ही आणावा, असे ठरले आहे. तो उचलायला दोन माणसे लागतील, आणि आत्याने अट घातली आहे की तो दिवाणखान्यात दिसता कामा नये. भाच्याने पलंगाच्या आणि कपाटाच्या मधली जागा मोजून ठेवली आहे. टीव्ही मागच्या बाजूने किती खोल आहे हे मात्र अजून कोणी मोजलेले नाही.