ब्रँचच्या यादीतील एक ओळ वाचता यावी म्हणून

कुडाळमधील आमचा लहानसा गट आंबा बागायतदार आणि मच्छीमार सहकारी संस्था यांच्यासाठी हिशेबाची सॉफ्टवेअर तयार करतो. काही जण कार्यालयात बसतात, काही देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याहून घरूनच काम करतात, आणि सर्वांचा कोड गिटमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, असतो. हंगाम जवळ आला की एकेका व्यापाऱ्याच्या दरपत्रकासाठी स्वतंत्र ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, निघते, प्रत्येक वितरणाला टॅग, म्हणजे नावाची खूण, लागतो, आणि पाऊस सुरू होईपर्यंत ही नावे इतकी वाढतात की फेच केल्यानंतर, म्हणजे सर्व्हरवरील नवे बदल आणल्यानंतर, टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) काय उमटले हे कोणी वाचतच नाही. ते वाचले जावे अशा रीतीने दाखवणारी एक छोटी आज्ञा लिहिण्याचे काम गेल्या हंगामात माझ्याकडे आले.

गिटमध्ये रेफ म्हणजे एखाद्या कमिटपर्यंत, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या एका टप्प्यापर्यंत, पोहोचवणारे नाव. कमिटची खरी ओळख ४० अंकाक्षरांची असते आणि ती कोणी लक्षात ठेवत नाही. आपण नावावरच चालतो. ब्रँचचे पूर्ण नाव ‘रेफ्स/हेड्स/’ने सुरू होते, टॅगचे ‘रेफ्स/टॅग्स/’ने, आणि सर्व्हरवरील ब्रँचची आपल्याकडील नोंद ‘रेफ्स/रिमोट्स/’खाली राहते. पडद्यावर मात्र गिट बहुतेक वेळा शेवटचा तुकडाच दाखवते. कोकणात ‘मधली वाडी’ एवढ्या पत्त्यावर पत्र पोहोचत नाही, कारण ती गावोगाव असते. नेमकी तीच अडचण येथे उद्भवते. आमच्याकडे ‘देवगड-दर’ नावाची ब्रँचही होती आणि टॅगही होता. अशा वेळी नाव संदिग्ध असल्याचा इशारा गिट देते, पण पुढे इतिहास दाखवणाऱ्या लॉगसारख्या आज्ञा टॅगला प्राधान्य देतात आणि ब्रँच उघडणारी चेकआउट ही आज्ञा ब्रँचला, म्हणजे एकच शब्द दोन आज्ञांना दोन वेगळ्या ठिकाणी नेतो. माझ्या मते यादी दाखवणाऱ्याने हा निर्णय वाचकावर सोडू नये. आमच्या आज्ञेत नाव एकमेव असेल तरच ते लहान छापले जाते. दुसरीकडे त्याच नावाचे काही आढळले, तर दोन्ही ओळींत पूर्ण नाव येते.

त्यानंतर मी गिटचा स्वतःचा फेचचा छापा बारकाईने वाचला. ब्रँच नेहमीसारखी पुढे सरकली असेल, तर जुन्या आणि नव्या कमिटच्या ओळखींमध्ये दोन टिंबे असतात. कोणी इतिहास बदलून बळजबरीने पुश केले (सर्व्हरवर पाठवले) असेल, तर तीन टिंबे असतात, ओळीच्या आरंभी अधिकचिन्ह येते आणि शेवटी कंसात तशी नोंद येते. नव्या ब्रँचपुढे तारका असते, काढून टाकलेल्या ब्रँचपुढे वजाचिन्ह. चिन्हांची ही रचना जाणकाराला पुरते, परंतु ब्रँचच्या साध्या यादीत तीच तारका ‘सध्या तुम्ही या ब्रँचवर आहात’ असे सांगते, आणि अधिकचिन्ह तेथे ‘ही ब्रँच दुसऱ्या वर्कट्रीमध्ये (त्याच कोडच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) उघडी आहे’ याची खूण असते. एकेक आज्ञा स्वतंत्रपणे पाहिली, तर प्रत्येकीची निवड समजण्याजोगी आहे. एकत्र वापरणाऱ्याला मात्र तोच ठसा दोन अर्थांनी भेटतो.

आमच्या गटातील मालवणच्या ताई पूर्वी एका संस्थेत लेखापाल होत्या आणि आता दरपत्रकांची ब्रँच त्याच सांभाळतात. बळजबरीच्या पुशची एक ओळ त्यांना दाखवून, काय घडले ते मोठ्याने सांगा, अशी विनंती मी केली. त्या म्हणाल्या, “ह्या अधिकाचा चिन्ह बघून माका वाटला, काय तरी नवीन इला.” यात त्यांचे काहीच चुकलेले नव्हते, कारण खतावणीत अधिक म्हणजे भरच. त्यातच वीज गेल्यावर त्या मोबाइलवरील टर्मिनलमधून काम करतात. तेथे ओळ मधेच मोडते आणि कंसातील सर्वांत महत्त्वाची सूचना पुढच्या ओळीवर, संदर्भ तुटून पडते.

म्हणून काय घडले हे आमच्या ओळीत प्रथम आणि शब्दांत येते: ‘नवीन’, ‘पुढे गेली’, ‘इतिहास बदलला’, ‘काढली’. तिसऱ्या प्रकारात त्याखाली आणखी एक ओळ उमटते, जी आपल्या संगणकावरील किती कमिट आता सर्व्हरवरील ब्रँचमध्ये राहिलेली नाहीत हे सांगते, कारण वाचणाऱ्याला खरी काळजी असते ती आपले काम हरवले का याची. ज्या रेफमध्ये काहीच बदल नाही, तिच्याबद्दल आज्ञा गप्प राहते. रंग आहेत, पण ते शब्दाला जोड म्हणून. बंदरावर उन्हात लॅपटॉप उघडला की लाल आणि हिरवा यांतील फरक दिसत नाही, आणि काहींना तो कोणत्याही उजेडात दिसत नाही.

रकाने जुळवण्याचे काम सर्वांत चिवट निघाले. आमच्या ब्रँचची नावे पुष्कळदा देवनागरीत असतात आणि गिटला त्याची हरकत नसते. मोकळी जागा, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह अशी काही चिन्हे आणि सलग दोन टिंबे तेवढी नावात चालत नाहीत. परंतु देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, काना, मात्रा आणि हलन्त स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात, आणि ‘क्षेत्र’ हा शब्द पडद्यावर किती घरे व्यापेल याबद्दल दोन टर्मिनलांचे एकमत होत नाही. रुंदी मोजणाऱ्या सर्वमान्य फलनात अनुस्वार किंवा उकार शून्य घरांचा धरला जातो, तर काना बहुधा एका घराचा. प्रत्यक्ष अक्षर मात्र फाँटनुसार उमटते. मी मोजण्याच्या नादात फार काळ राहिलो नाही. ठरावीक रुंदीच्या कमिट-ओळखी नावाच्या डावीकडे घेतल्या, अवस्थेच्या शब्दानंतर टॅब ठेवला, आणि नाव ओळीच्या अखेरीस नेले. नावाच्या उजवीकडे जुळवण्यासारखे काही उरत नसल्याने ते कितीही रुंद झाले तरी यादी विस्कटत नाही.

देवगडच्या सहकाऱ्याची एक स्क्रिप्ट आमच्या आज्ञेचा छापा वाचून रात्रीची प्रत ठेवणार होती. मी त्याला ती परवानगी दिली नाही. माणसांसाठीचे शब्द पुढे सुधारावे लागणार, आणि स्क्रिप्ट त्यांवर टेकली की एक शब्दही हलवता येत नाही. गिटमध्ये माणूस आणि यंत्र या दोन वाचकांची फारकत स्टेटस आणि पुश या आज्ञांच्या ‘पोर्सेलिन’ या, यंत्रासाठी ठरावीक छापा देणाऱ्या, पर्यायाने पूर्वीच केलेली होती. फेचला तो पर्याय २०२३ मध्ये, २.४१ आवृत्तीत मिळाला. त्यात प्रत्येक ओळीवर खूण, जुनी ओळख, नवी ओळख आणि रेफचे पूर्ण नाव एवढेच येते, आणि नव्या रेफची जुनी ओळख शून्यांनी भरलेली असते. आम्ही हाच क्रम उचलला. यंत्राचा छापा मानक निर्गमावर (स्टँडर्ड आउटपुट) जातो, तर प्रगतीचे आणि इशाऱ्यांचे मजकूर त्रुटींच्या निर्गमावर (स्टँडर्ड एरर), म्हणजे पाइप लावून तो छापा दुसऱ्या आज्ञेला देणाऱ्याच्या हाती नको ते येत नाही.

एवढे झाल्यावर वेंगुर्ल्याहून तक्रार आली की यादीत ‘व्यापाऱ्यांचे-दर’ ही ब्रँच दोनदा दिसते. ती खरोखरच दोन होती. नावातील ‘ऱ्या’ काही कीबोर्ड ऱ, हलन्त आणि य यांनी लिहितात, तर काही र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, बाइट निराळे असतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही (एकाच अक्षराची वेगळी लेखने एक करण्याचा नियम) या दोन रूपांना एक करत नाही. गिट नावांचे बाइट पाहते, त्यामुळे तिच्या लेखी या दोन स्वतंत्र ब्रँच होत्या आणि दोन्हींवर निरनिराळ्या लोकांनी कमिट केलेले होते. मग आज्ञेत अशी तुलना घातली की अदृश्य जोडक काढून आणि ऱ ऐवजी र धरून दोन नावे एक ठरली, तर त्या ओळींखाली ‘ही नावे सारखी दिसतात, लेखन वेगळे आहे’ अशी सूचना येते आणि दोन्हींचे शेवटचे कमिट समोरासमोर दाखवले जातात.

दाखवणे पुरेसे नव्हते, म्हणून हीच तुलना सर्व्हरवरील अपडेट हूकमध्येही (पुश स्वीकारण्याआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ठेवली, जी प्रत्येक रेफसाठी तिचे नाव, जुनी ओळख आणि नवी ओळख घेऊन चालते. असे जुळे नाव पुश होताना ती नकार देते. हूकचा मजकूर पुश करणाऱ्याच्या टर्मिनलवर ‘रिमोट’ या उपसर्गासह उमटतो, त्यामुळे तोही आम्ही दोन लहान ओळींत बसवला: पहिलीत आधीच्या ब्रँचचे नाव, दुसरीत तिच्यावर शेवटचे कमिट कोणी आणि कधी केले ते, म्हणजे फोन कोणाला करायचा हे तेथेच कळते.